बंदूक, गळ आणि फासा

रामायणाच्या अगदी आरंभीच एक शिकार आहे. तमसेच्या काठी क्रौंच पक्ष्यांची जोडी रमलेली असते. निषादाचा बाण येतो, नर पडतो, मादी आक्रोश करते आणि वाल्मीकींच्या तोंडून जो शाप बाहेर पडतो तोच पहिला श्लोक होतो. शोकाचा श्लोक झाला, ही गोष्ट भाषा शिकविणाऱ्या प्रत्येक मास्तराने पोरांना सांगितलेली आहे. मीही सांगितली आहे. मात्र सांगता सांगता एक प्रश्न मनात येई आणि मी तो गिळून टाकी. त्या संध्याकाळी तो निषाद रिकाम्या हाताने घरी गेला, तेव्हा त्याची चूल पेटली का? शिवाय आपल्या लोककथेवर विश्वास ठेवावयाचा, तर शाप देणारा कवी पूर्वायुष्यातला वाल्या कोळीच की! म्हणजे दोघेही एकाच रानातले. एकाला वाणी लाभली. दुसऱ्याच्या वाट्याला तिचा शाप आला.

शिकार आणि रान यांविषयीची मराठी पुस्तके मी गेली पंचवीस वर्षे आवडीने वाचीत आलो आहे. मी समीक्षक नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर आहे. पण या पुस्तकांबद्दल काही लिहावे असे जे वाटू लागले, त्याला कारण पुस्तक नव्हे, वर्गातला एक प्रसंग झाला.

वन्यप्राण्यांच्या रक्षणावरचा धडा चालू होता. "प्राण्यांचा शत्रू कोण?" असे मी विचारले. सारा वर्ग एका सुरात ओरडला, "शिकारी!" आणि ओरडून झाल्याबरोबर साऱ्या माना एकदम मागे वळल्या. शेवटच्या बाकावर गावाबाहेरच्या पालांतून येणारा एक पारध्याचा मुलगा बसला होता. त्याने मान खाली घातली. मी धडा पुढे रेटला.

पुढे महिन्याभराने मुलांना घेऊन माळावर गेलो होतो. मी बोलत बोलत चाललो होतो, तोच त्याच मुलाने मागून माझा सदरा ओढला. "गुरुजी, हितं पाय टाकू नका. टिटवीची अंडी हायत." मी पाहिले, तर खडेच खडे. त्याने बोट दाखविले तेव्हा कोठे त्या खड्यांत चार ठिपकेदार अंडी दिसली. "तुला कसे कळले रे?" "ती पक्षीण बगा की कशी वरडतीया. अंडी नसती तर उडून गेली असती." वर्गातला तो प्रश्न मला पुन्हा विचारावासा वाटला, पण या वेळी उत्तर मलाच द्यावे लागले असते.

शिकारी हा रानाचा शत्रू की रानाचा राखणदार? आपल्या साहित्याने या प्रश्नाला काय उत्तर दिले आहे, आणि कोणत्या शिकाऱ्यापुरते दिले आहे, एवढेच मला या लेखात पाहावयाचे आहे.

*

आधी बंदुकीकडे पाहू, कारण पुस्तकांत तिचाच मान मोठा.

रान राखण्याची आजची कल्पना बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्या घरातच वाढली, हे कबूल करावयास हवे. मुंबईत १८८३ साली नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तेव्हा तिच्या सभासदांत हौशी शिकारी पुष्कळ होते. सालीम अलींचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी हे त्यांतलेच. भाच्याने हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी म्हणून तो पोर ती घेऊन १९०८ साली सोसायटीच्या कचेरीत गेला, आणि तेथे मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे त्याच्यापुढे उघडली. हिंदुस्थानातला सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ असा एका नेमबाजीतून जन्माला आला. पुढे १९३१-३२ साली त्यांनी निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली. आपले नांदेड आणि लातूर तेव्हा त्याच राज्यात होते. त्या पाहणीतही पक्षी ओळखण्यासाठी तो पाडून त्याची कातडी जपून ठेवणे हीच पद्धत होती. १९८५ साली निघालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या पडलेल्या चिमणीचेच नाव दिले. त्यात मला एका सज्जन माणसाची कृतज्ञता दिसते, आणि थोडे ऋणही.

कोल्हापूरच्या छत्रपतींनी शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे रान १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. महाराष्ट्रातले ते पहिले. जिम कॉर्बेटने नरभक्षक वाघांमागे आयुष्य घालविले, आणि १९३६ साली स्थापन झालेल्या देशातल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचेच नाव मिळाले. तिकडे अमेरिकेत तर हा सगळा व्यवहार कायद्याने बांधला गेला. १९३७ पासून तेथे बंदुका आणि काडतुसे यांवरचा कर वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवतात, आणि १९५० पासून गळ-दोऱ्यांवरचा कर माशांसाठी. जो मारतो तोच राखण्याचे पैसे भरतो. हिशेब चोख आहे. तेथला आल्डो लिओपोल्ड हा वनाधिकारी तरुणपणी दिसेल तो लांडगा टिपीत असे. एकदा मरणाऱ्या लांडगीच्या डोळ्यांत त्याने पाहिले आणि त्याची दृष्टीच पालटली. त्याचे १९४९ सालचे पुस्तक या विषयातले अभिजात पुस्तक मानले जाते.

पण हा हिशेब जसाच्या तसा आपल्या वहीत उतरवून घेता येत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हौसेच्या शिकारीचे दार बंद झाले, आणि ते बंद होण्यासारखीच परिस्थिती होती. चित्त्याचे उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या दरबारात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणविले. शेवटी मध्य हिंदुस्थानातील कोरिया संस्थानच्या राजाने १९४७ साली एका रात्री तीन चित्ते पाडले, ते या देशातले अखेरचे ठरले. १९५२ साली सरकारने चित्ता संपल्याचे जाहीर केले. तेव्हा 'शिकाऱ्यांनीच रान वाचविले' असे कोणी छाती फुगवून म्हणू लागला, तर त्याला त्या रात्रीची आठवण करून द्यावी. बंदुकीने रान राखलेही आणि रिकामेही केले. ज्यांनी राखले, त्यांनी ती खाली ठेवल्यानंतर राखले.

मराठीत ही बंदूक खाली ठेवण्याची कथा व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनात आली आहे. त्यांनी ती प्रवचन करून सांगितली नाही, म्हणून ती टिकली. माणदेशचा हा माणूस तरुणपणी बंदूक घेऊन रानोमाळ हिंडला. पुढे बंदूक गेली. चित्रे काढण्याची वही आणि दुर्बीण आली. १९७९ चे 'नागझिरा' आणि १९८२ चे 'सत्तांतर' ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावी, म्हणजे बंदूक गेल्यावर शिकाऱ्याचे काय उरते ते समजते. उरते ती नजर. शिकाऱ्याला वारा कोणीकडून आहे हे पाहावे लागते, तासन् तास हालचाल न करता बसावे लागते, मोडलेल्या काडीवरून आणि ओल्या मातीतल्या खुरावरून काय घडले ते वाचावे लागते. 'असेल कदाचित' म्हणून त्याला चालत नाही. ते म्हटले की सावज गेलेच. माडगूळकरांच्या गद्याची आखूड, टोकदार वाक्ये मला या शिस्तीतून आलेली वाटतात. विशेषणांचा पाचोळा पायाखाली वाजला तर जनावर बुजेल, अशा धास्तीने जणू ते लिहितात.

'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळीवर नवा नर चाल करून येतो, जुन्याला हाकलतो, पिले मारतो. दुसरा एखादा लेखक येथे गहिवरला असता, किंवा माणसांच्या राजकारणाकडे पाहून डोळे मिचकावले असते. माडगूळकर यांतले काही करीत नाहीत. मरण हा रानाच्या व्यवहाराचा भाग आहे हे शिकाऱ्याला ठाऊक असते. म्हणून मरण दिसले की तो नजर वळवीत नाही. या पुस्तकाला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी आमच्या मराठवाड्यात, अंबाजोगाईला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आमच्या भागाने त्यांचा असा सन्मान केला याचा मला आनंद आहे.

तरीसुद्धा एक गोष्ट म्हटल्यावाचून राहवत नाही. बंदूक खाली ठेवण्याचे पुण्य, ज्याच्याकडे बंदूक असते त्यालाच मिळू शकते. तिच्यावर ज्याचे पोट नसते त्याला ती ठेवताही येते. कॉर्बेट, सालीम अली, लिओपोल्ड आणि आपले माडगूळकर या सर्वांच्या कथेत एक वळण सारखे आहे: आधी हौस, मग पश्चात्ताप किंवा शहाणपण, मग रक्षण. हे वळण सुंदर आहे. पण ते पोटभर जेवलेल्या माणसाच्या गोष्टीतले वळण आहे. ज्याची शिकार ही हौस कधीच नव्हती, त्याची गोष्ट या साच्यात बसत नाही.

*

गळाकडे वळलो की हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते.

निलंगा मागे टाकून औराद शहाजानीहून पुढे सरहद्द ओलांडली की थोड्याच अंतरावर बसवकल्याण लागते. ही चालुक्यांची राजधानी कल्याणी. बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, तेथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या जुन्या खुणा शोधणारे पंडित त्यातल्या काही ओळींसाठी त्याच्याकडे जातात. त्यात राजाच्या करमणुकी सांगताना मृगयेवर एक प्रकरण आहे आणि मासेमारीवर एक. मासे कोणकोणते, ते कोणत्या पाण्यात राहतात, त्यांना काय चारावे, दोरी कशाची, काठी कशी, गळ कसा, आमिष कोणते, हे सारे त्यात आहे. मांजरा नदीच्या या टापूत सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एक राजा माशांच्या सवयी लिहून ठेवीत होता, हे वाचून मला मोठी मौज वाटली. पण राजाला ही माहिती कोणी दिली? राजे काही रात्ररात्र पाण्यात उभे राहत नाहीत. ती दिली असणार एखाद्या भोयाने किंवा कोळ्याने. त्याचे नाव ग्रंथात नाही.

हौशी गळवाल्यांचे उपकार मी नाकारीत नाही. महसीर हा नद्यांतला वाघ म्हणावा असा मासा. त्याच्यामागे लागलेल्या गळवाल्यांनीच 'पकडा, मोजा आणि परत सोडा' ही रीत पाडली. दक्षिणेत कावेरीवर १९७२ पासून अशा मंडळींच्या संस्थेने नदीचा पट्टा राखण्याचे काम केले. आपल्याकडे लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीजकंपनीने १९७० नंतर महसीरची पैदास हाती घेतली आणि तेथली पिले ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. पण या सर्वांच्या कितीतरी आधीपासून महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडात मासे निर्धास्त फिरत आहेत. ते वरदायिनी देवीचे मासे. त्यांना कोणी पकडीत नाही; उलट चुरमुरे टाकतात. देवीच्या नावाने डोहाचा एक भाग सोडावा आणि बाकीच्या नदीत जाळे टाकावे, हा शहाणपणा ज्यांनी केला त्यांचे पोट मासळीवर होते. त्यांना कोणी शिकविले नव्हते, आणि त्यांना कोणी श्रेयही दिले नाही.

मासेमाराविषयी मराठीत सर्वांत अधिक वाचले गेलेले पुस्तक मराठी माणसाचे नव्हे. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट पु. ल. देशपांड्यांनी १९६५ साली 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. शीर्षक वाचताना शाळेतल्या कवितेतला जाळे विणणारा कोळी आठवतो, आणि मग पुस्तकात भेटतो तो खारवलेल्या हातांचा म्हातारा. त्या पुस्तकातली जी गोष्ट मला पुन्हा पुन्हा हलविते ती म्हाताऱ्याचा पराक्रम नव्हे. तो ज्या माशाला मारणार असतो, त्याच्यावर त्याचा जीव जडतो. तो त्याला भाऊ मानतो, आणि तरी मारतो, कारण तो कोळी आहे. या प्रेमात ढोंग नाही आणि या मारण्यात हौस नाही. पोटासाठी मारणाऱ्याच्या मनात सावजाविषयी कोणता भाव असतो, हे आपल्याला क्यूबाच्या एका म्हाताऱ्याकडून कळले. विष्णुपुरीच्या पाण्यावर पहाटे जाळे फेकणाऱ्या नांदेडच्या भोयाकडून ते अजून कळावयाचे आहे.

*

आता फासा.

फासेपारधी म्हटले की आमच्याकडे आधी दाराची कडी तपासतात. तितर-लाव्हे धरणारे, काळविटाच्या वाटेवर फास मांडणारे हे लोक. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांत पारधीही आले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पुढे १९७२ च्या कायद्याने त्यांचा पिढीजात धंदाच गुन्हा ठरला. हा कायदा करू नये होता असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. पण राजाच्या शिकारीच्या रानाचे अभयारण्य झाले, साहेबाच्या नावाचे उद्यान झाले, आणि पारध्याच्या विद्येचे मात्र पोलिसांच्या दप्तरात एक कलम झाले, एवढे ध्यानात ठेवावयास हवे.

या विद्येला स्वतःची नीती होती की नव्हती? माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास करून १९८३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, तो मला एखाद्या कादंबरीपेक्षा अधिक रंजक वाटला. एकाच मुलखात हिंडणारे नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांनी शिकार जणू आपसात वाटून घेतली होती. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू मुंगूस, रानमांजर असली लहान जनावरे सापळ्यात धरीत. फासेपारधी हरणे आणि पक्षी फासात धरीत. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घातला नाही. शिवाय फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याची पारध्यांत रीत होती. गळवाल्यांची 'पकडा आणि सोडा' ही रीत आपण कौतुकाने वाचतो. ती आपल्याच माळावर, लंगोटी लावलेल्या माणसांत, केव्हापासून चालत आली होती. आणि तेथे सोडून द्यावयाचे ते उद्याचे जेवण असे.

ही नीती आज सर्वत्र शाबूत आहे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. माळ नांगरले गेले, हरणे घटली, जमातींची वाटणी मोडली. २०१३ साली मेळघाटात वाघांच्या चोरट्या शिकारी उघडकीस आल्या. पिढीजात शिकारी टोळ्यांचेच ते काम होते. कातडी मात्र दूरच्या बाजारासाठी. विद्या तीच; तिला धनी वाईट मिळाला. चांगला धनी मिळाला तर काय होते, तेही पाहावयास मिळते. अकोला-वाशीमकडे 'संवेदना' या संस्थेने फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोर आणि त्याचे गवताळ माळ राखण्याचे काम आरंभिले. पावसाळ्यात गवतातून उंच उडी घेणारा हा दुर्मिळ पक्षी कोठे असतो, हे तेथे पारध्याइतके कोणाला ठाऊक असणार?

या माणसांना मराठी साहित्यात गुरुस्थानी बसविले ते मारुती चितमपल्ली यांनी. सोलापुरात १९३२ साली जन्मलेला, वनखात्यात चाकरी करून निवृत्त झालेला आणि २०२५ साली आपल्यातून गेलेला हा लेखक. सरकारी अधिकाऱ्याने पारध्याच्या, ढिवराच्या, गोंडाच्या पायाशी बसून शिकावे आणि शिकलो म्हणून छापून सांगावे, ही आपल्या वाङ्मयात लहान गोष्ट नव्हे. नवेगावबांधचे माधवराव पाटील हे एकेकाळचे शिकारी त्यांच्या लेखनात भेटतात, ते रानातल्या गुरूच्या रूपाने. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा' या पुस्तकांनी आमच्यासारख्या उघड्या माळाच्या माणसांनाही झाडीची ओढ लावली. २००६ साली सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा एका अर्थाने त्यांच्या त्या अनाम गुरूंचाही सन्मान झाला.

तथापि गुरूंविषयीचा हा आदर कधी कधी धुक्यासारखा पसरतो. चितमपल्लींचा पारधी आणि ढिवर हे जवळजवळ ऋषी होतात. त्यांना पाखरांची भाषा कळते, पावसाची चाहूल लागते. पण त्यांच्या डोक्यावर कर्ज किती, तळ्याचा ठेका कोणाकडे, मुलगी शाळेत जाते का, हे त्या पानांतून फारसे कळत नाही. रानविद्या दिसते, रानविद्या जाणणाऱ्याचा संसार धूसर राहतो.

उलट बाजूने पाहिले तर संसारच संसार दिसतो. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले आणि आमच्या लातूर तालुक्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली. शिक्का बसलेल्या जमातींच्या आयुष्याची ही आत्मकथने वाचून मराठी मध्यमवर्गाची झोप उडाली, आणि ती उडावयासच हवी होती. 'उचल्या'तला पोलिसांच्या हजेरीचा धाक आणि भूक वाचताना घास अडकतो. पण अशा पुस्तकात, पक्ष्याच्या आवाजावरून घरटे ओळखण्याची विद्या सांगण्यास सवड नसते, आणि नसणे योग्यच आहे. मार खाणारा माणूस आपले कौशल्य सांगत बसत नाही.

म्हणजे आपल्याकडे दोन कपाटे झाली. एकात रानाची पुस्तके, एकात शिक्क्याची. एकात पारधी ज्ञानी आहे पण उपाशी नाही; दुसऱ्यात तो उपाशी आहे पण ज्ञानी नाही. खरा माणूस एकाच वेळी दोन्ही असतो. त्याचे पुस्तक मराठीत अजून माझ्या वाचनात आलेले नाही, आणि मी स्वतः कादंबरीकार म्हणवितो, तेव्हा हा दोष मला माझ्याही पदरात घ्यावा लागतो.

*

हे पुस्तक कसे असू शकेल याचा एक नमुना अमेरिकेहून आला आहे, आणि तो आपल्या घरोघरी आहे. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले 'पाडस'. मार्जोरी रॉलिंग्ज या बाईंची ही १९३८ सालची कादंबरी. रानाच्या कडेला शेती करून राहणाऱ्या कुटुंबातला पोरगा ज्योडी हरणाचे पाडस पाळतो, पाडस मोठे होते, पीक खाऊ लागते, आणि शेवटी त्या पोरालाच त्याच्यावर बंदूक चालवावी लागते. पुष्कळ लोक हे पुस्तक रडू येते म्हणून लक्षात ठेवतात. मी ते ज्योडीच्या बापासाठी लक्षात ठेवतो. तो बाप पक्का शिकारी आहे. पण गरजेपुरतेच मारावे हा त्याचा नेम आहे. त्याला जनावर कळते, त्याचा जीव त्यात आहे, आणि घरात दाणा नसेल तर मुले मरतील हेही त्याला कळते. ज्ञान आणि भूक एकाच माणसाच्या अंगात नांदताना या पुस्तकात दिसतात.

आणि ही गोष्ट आमच्यापासून दूरची नाही. नांदेड-लातूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत हरभऱ्याचे काय करतात ते तो सांगेल. २०१५ साली राज्य सरकारने पिके नासणाऱ्या रोही-रानडुकरांना परवाना घेऊन मारण्याची मुभा दिली. म्हणजे शिकारीचे दार पुन्हा किलकिले झाले. पण ते उघडताना, किती मारावे, कोणते सोडावे, केव्हा हात आवरावा, हे ज्यांच्या रीतीत बसलेले होते त्यांची आठवण फारशी कोणाला झाली नाही. रानडुक्कर नेमके कोणत्या वाटेने शेतात उतरते हे आजही ज्यांना सांगता येईल, ते गावाबाहेर पाल ठोकून पोलिसांच्या भीतीने झोपतात.

साहित्याने कायदे बदलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण कायदा करणाऱ्याच्या डोक्यात माणसाचे जे चित्र असते, ते बऱ्याचदा पुस्तकांनी काढलेले असते. बंदुकीचे चित्र आपल्या पुस्तकांनी सुरेख काढले, गळाचे परक्यांकडून उसने घेतले, फाशाचे अर्धे अर्धे दोन ठिकाणी काढले. ते दोन तुकडे कोणीतरी जोडावयास हवेत. ते जोडणारा बहुधा माझ्यासारखा मास्तर नसेल. तो एखादा शेवटच्या बाकावरचा मुलगा असेल. त्याला टिटवीची अंडीही दिसतात आणि साऱ्या वर्गाच्या वळलेल्या मानाही दिसतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो धडा पुन्हा येईल. या वेळी "प्राण्यांचा शत्रू कोण?" असे मी विचारणार नाही. टिटवी अंडी कोठे घालते आणि ती कशी ओळखावीत, असे विचारीन. उत्तर कोणाला येते ते वर्गाला एकदा पाहू द्यावे.